कावळा कशावर शिवला

इंदूकाकू पाळंदे भित्र्या आहेत हे दुर्गाघाटावरच्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नसे. त्या पालीला भ्यायच्या. वीज कडाडली की कानांत बोटं घालायच्या. गच्चीवर माकड उतरलं की वाळत घातलेले पापड त्याच्या स्वाधीन करून आत पळायच्या. जिन्याची भीती तर विचारूच नका. काशीच्या त्या गल्लीतली घरं एकमेकांना इतकी खेटून आहेत की भर दुपारीसुद्धा जिन्यात स्वतःचा हात दिसत नाही. इंदूरहून लग्न होऊन आल्या त्याच दिवशी काकूंनी नवऱ्याला पुढे घातलं, आणि पुढे उभा संसार तसाच चढला-उतरला. नरहरराव पुढे, काकू मागे. वळणावर काकू विचारायच्या, "आहात ना?" आणि वरून उत्तर यायचं, "आहे."

नरहरराव त्यांना भित्री भागूबाई म्हणत. त्यावर काकूंचं म्हणणं, "भागूबाई तर भागूबाई. तुम्ही पुढे व्हा."

भित्रं माणूस बावळट असतं असा लोकांचा एक समज आहे, तो सोडून द्यावा. काकू वाती वळत. फुलवाती, तेलवाती, लक्षवातीचे जुडगे. पाकिटावर फोन नंबर छापलेला, माल पुण्या-नाशकापर्यंत जायचा आणि पैसे फोनवर यायचे. एकदा एक जण म्हणाला, "मावशी, पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका म्हणजे जमा होतील." काकूंनी त्याला चांगलंच धारेवर धरलं. "यायला पिन लागत नाही रे बाबा, जायला लागतो. एवढंही ठाऊक नाही तर ह्या धंद्यात कशाला पडलास?" नरहररावांनी ती गोष्ट घाटावर निदान महिनाभर पुरवली.

नरहरराव रेल्वेत तिकिटांच्या खिडकीवर बसून निवृत्त झाले. माणूस सरळ, थट्टेखोर, कुणापुढे हात पसरला नाही की कुणाला हात पसरायला लावला नाही. त्यांच्या आयुष्यात एकच सल होता, तो म्हणजे धाकटा भाऊ दत्तात्रेय. तरुणपणी काहीतरी क्षुल्लक बोलाचाली झाली, दत्तू भरल्या ताटावरून उठला आणि जिना उतरून गेला तो गेलाच. पुढे वडिलांच्या वाटणीच्या खोल्या विकल्या तेव्हा नरहररावांनी भावाचा अर्धा वाटा बँकेत वेगळा ठेवला. मुदत संपली की पुन्हा ठेवायचे. घरात कितीही ओढाताण झाली तरी त्या पैशाला कुणी हात लावला नाही. दर माघात प्रयागच्या मेळ्यात जाऊन ते गर्दीतले चेहरे बघत फिरायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे.

ह्या फाल्गुनात नरहरराव गेले. चहाचा कप खाली ठेवला आणि मान कलली, इतकं साधं.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. काशीत कबुतरं मागाल तितकी मिळतील, माकडंही मिळतील, पण कावळा मिळणं अलीकडे मुश्किल झालंय. त्या दिवशी एक आला होता, पण तो वरच्या पायरीवर बसून नुसता बघत राहिला. आता आपल्यात रीत अशी, की कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय. मग भोवतालच्यांनी ते ओळखायचं आणि मोठ्याने वचन द्यायचं. मुलगा कुणाल म्हणाला, "बाबा, आईकडे मी बघेन." कावळ्याने मान वाकडी केली. कुणीतरी म्हणालं, गच्चीची गळती काढू. कावळा ढिम्म. यज्ञेश्वर गुरुजी खोकत होते, त्यांना उन्हाने ठसका लागला होता. दर्भाचा कावळा करून लावावा का, असं ते विचारायला लागले, तेव्हा काकू पुढे झाल्या. पदर सावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दत्तूभावजींचा वाटा त्यांना पोचवीन. माझ्या हाताने."

आणि डोळे मिटून हात जोडून त्या तशाच उभ्या राहिल्या. त्या मिटल्या डोळ्यांआड काय चाललं होतं ते यथावकाश येईलच. काकूंनी डोळे उघडले तेव्हा कावळ्याची चोच भातात होती.

कुणाल तेरावं आटोपून पुण्याला गेला. जाण्याआधी त्याने दत्तूच्या वाट्याची ठेव मोडून आईच्या खात्यात आणून ठेवली. "काका सापडले तर तुला बँकेत खेटे नकोत," म्हणाला. आई पुण्याला यायला तयार नव्हती. ती जिनाही उतरायला तयार नव्हती. भाजीसाठी खिडकीतून टोपली सोडायची, आणि जावंच लागलं तर खालच्या मजल्यावरच्या लतिकेला हाक मारायची. लतिका पुढे, काकू मागे. "आहेस ना" असं मात्र त्यांनी लतिकेला कधी विचारलं नाही.

वैशाख लागला. काशीतली वैशाखी दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. बारा वाजले की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. लू, म्हणजे तो भाजून काढणारा वारा, सुटते, दारंखिडक्या बंद होतात आणि एवढ्या माणसांच्या वस्तीत आपण एकटेच उरलो आहोत असं वाटायला लागतं. महिन्याची तिथी होती. काकूंनी गच्चीवर पान ठेवलं, वरणभात, तूप, लिंबाची फोड. दाराच्या सावलीत बसून त्या कावळ्याची वाट बघत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. काकूंना वाटलं, वातींचं गिऱ्हाईक असेल.

पलीकडे कुणी बोलेना. नुसता वारा ऐकू येत होता. मग एक कावळा ओरडला, दोनदा. काकूंनी समोर पाहिलं. गच्चीवर कावळा नव्हता, तो फोनमध्ये ओरडला होता. त्यामागे कुणीतरी खोकलं. तो खोकला आपल्या ओळखीचा आहे असं काकूंना वाटलं, पण कुणाचा ते आठवेना. अंगावर सर्रकन काटा आला आणि नकळत तोंडून निघून गेलं, "आहात ना?"

"आहे," पलीकडून आवाज आला.

काकूंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"वहिनी, मी दत्तू," तो आवाज म्हणाला. घोगरा, सावकाश, पुष्कळ दिवसांत मराठी न बोललेल्या माणसाचा. "दादा गेला ना? मला कळलं. पान ठेवलं का आज?"

त्याला आजची तिथी ठाऊक होती. गोत्र ठाऊक होतं. काकूंनी घाबरत घाबरत वडिलांचं नाव विचारलं, तर त्याने वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचंही सांगितलं, संकल्पात म्हणतात तसं ओळीने. पणजोबांचं नाव तर कुणालसुद्धा गुरुजींनी सांगितल्यावर म्हणाला होता. पैशाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. "येतो वहिनी, ऊन फार आहे," म्हणून त्याने फोन ठेवला. पानाला कावळा शिवलाच नाही. संध्याकाळी काकूंनी ते गाईला घातलं.

दुसऱ्यांदा फोन आला तोही टळटळीत दुपारी. पुन्हा कावळा दोनदा ओरडला, पुन्हा तोच खोकला. "कुणालला सांगितलं नाही ना?" आवाजाने विचारलं. "नका सांगू. पिंडापाशी दिलेलं वचन चारचौघांत बोललं की फळत नाही. तुम्ही घाटावर म्हणालात ना, दत्तूभावजींचा वाटा पोचवीन, माझ्या हाताने?"

शब्दन् शब्द. काकूंनी खिडकीचा गज घट्ट धरला. तिथे होतं कोण? कुणाल, गुरुजी, दोन-चार नातलग आणि तो कावळा. नातलग काशीतलेच, त्यांतल्या कुणाला दत्तूचा ठावठिकाणा असता तर नरहररावांनी दरवर्षी प्रयागची पायपीट केली असती का? मग ह्याला सांगितलं कुणी? उरला कावळा. काकू स्वतःशीच हे म्हणाल्या आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

त्यानंतर काकूंची झोप उडाली आणि जेवणही सुटलं. एक मन म्हणे, हा दत्तूच, आणि आपण पैसे धरून बसलो तर ह्यांची सुटका नाही. दुसरं मन म्हणे, हा दत्तू नसला तर? ह्यांनी जन्मभर पोटाला चिमटा घेऊन जपलेलं आपण भलत्याच्या पदरात टाकू, आणि उद्या खरा दत्तू दारात उभा राहिला तर त्याला काय तोंड दाखवायचं? इकडे आड तिकडे विहीर. कुणालचा फोन आला की "ठीक आहे, फिकीर नको करूस," एवढंच त्या बोलायच्या. लपवाछपवीची सवय नव्हती, त्यामुळे फोन ठेवल्यावर रडू यायचं.

तिसऱ्यांदा मात्र आवाजाला घाई होती.

"वहिनी, आज पाठवा. एका दिवसात जेवढे जातात तेवढे आज, राहिलेले उद्या. नंबर पाठवलाय तुम्हाला. घाला."

"तुम्ही घरी का येत नाही, भावजी? जिना तोच आहे."

"मी येईन तेव्हा येईन. पण दादा उन्हात उभा आहे, वहिनी. त्याचे पाय पोळतायत." जरा थांबून आवाज पुढे म्हणाला, "फोन ठेवू नका. ठेवलात की तो जाईल."

काकू गच्चीच्या दारात होत्या. समोर फरशी नुसती रणरणत होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. तरी काकूंना तिथे बघवेना. एका हाताने डोळे पुसत त्यांनी तो नंबर फोनमध्ये घातला. फोन क्षणभर थांबला आणि त्याने ज्याला पैसे जाणार त्याचं नाव दाखवलं.

नरहर गोविंद पाळंदे.

खाली पिन टाकायची चौकट उघडली होती. काकू त्या नावाकडे बघत राहिल्या. दहा दिवस त्याच नावाने पिंड दिले होते, आणि आता ते नाव हातातल्या फोनमधून पैसे मागत होतं.

"दिसलं ना नाव?" कानाशी आवाज म्हणाला. "दादानेच माझ्यासाठी उघडलेलं खातं. तुम्हाला बोलला नव्हता. टाका पिन."

काकूंचं बोट पहिल्या आकड्यावर गेलं होतं. ते तिथेच थांबलं, आणि थांबलं ते रागाने. मरेपर्यंत ज्या माणसाने कुणाकडे चहाचे पैसेसुद्धा मागितले नाहीत, तो असा बायकोला उन्हात उभी करून मागेल? आणि दत्तूचं खातं उघडलं असतं तर मला सांगितल्याशिवाय राहिले असते? अहो, ह्यांना बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीचा भावसुद्धा पोटात ठेवता येत नव्हता! मग काकूंना आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर त्यांनी ओठ आवळले.

"भावजी," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, तो कापू दिला. "एवढं सांगा. घाटावर कावळा कशावर शिवला?"

"माझ्या नावावर," आवाज चटकन म्हणाला. "तुम्ही माझं नाव घेतलंत आणि तो शिवला. ह्या कानांनी ऐकलं, वहिनी."

इंदूकाकूंनी डोळे मिटले. दत्तूचं नाव घेतलं तेव्हा कावळा जागचा हललादेखील नव्हता. तो तसाच बसून त्यांच्याकडे बघत होता, आणि तेव्हा काकूंना उमगलं होतं की ह्यांचा जीव दत्तूपाशी नाही, पैशात तर मुळीच नाही. तो आपल्यापाशी अडकलाय. मग त्यांनी डोळे मिटून, ओठसुद्धा न हलवता, मनातल्या मनात सांगितलं होतं, 'तुम्ही व्हा पुढे. जिना मी एकटी चढेन. भिणार नाही.' कावळा शिवला तो त्या बोलण्यावर. ते कुणाच्या कानांनी ऐकण्याजोगं नव्हतंच. गेलेल्याला तेवढं ठाऊक होतं आणि कावळ्याला. ह्या माणसाने फक्त जे मोठ्याने बोललं गेलं तेच ऐकलं होतं.

"बरं," काकू म्हणाल्या. "पैसे इथेच आहेत. दत्तूभावजी असाल तर दुर्गाघाटावर या, पान वाढते. ताटावरून उठून गेला होतात, तिथेच बसा."

"वहिनी, दादा—"

काकूंनी फोन ठेवला आणि त्या दाराशीच बसल्या. फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. गच्चीत कुणीही आलं नाही, कुणीही गेलं नाही. ऊन होतं तिथेच होतं.

मग मात्र त्यांनी ढिलाई केली नाही. कुणालला सगळं सांगितलं, रडत रडत. तो म्हणाला, "आई, एकोणीस-तीसला, त्या सायबर चोरीच्या हेल्पलाइनला फोन लाव, आत्ताच. पैसे गेले नाहीत तरी लाव." नोंद झाली. दुसऱ्या दिवशी लतिकेला पुढे घालून काकू सायबर ठाण्यात गेल्या आणि तिथून बँकेत. नवऱ्याच्या कागदांच्या झेरॉक्स पेन्शनसाठी, दाखल्यासाठी गावभर वाटल्या होत्या, काही फोनवरूनही पाठवल्या होत्या. त्यांतूनच कुणीतरी मेलेल्या माणसाच्या नावाने नवंकोरं खातं काढलं होतं, आणि बाकीही कुणाकुणाला त्यात पैसे भरायला लावले होते. हे ऐकल्यावर काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बंद करा ते," त्यांनी साहेबाला बजावलं. "माझे हे कुणाच्या दारात भीक मागणार नाहीत." ठाण्यातल्या पोरसवदा बाईसाहेब त्यांना म्हणाल्या, "माताजी, आपको डर नहीं लगा?" काकू म्हणाल्या, "बहुत लगा, बेटी."

एक कोडं उरलं होतं. येताना लतिका भाजीला वळली तेव्हा काकू यज्ञेश्वर गुरुजींकडे शिरल्या आणि विचारलं, "त्या दिवशी घाटावर आपल्याखेरीज कोण ऐकत होतं?"

गुरुजी आधी म्हणाले, कुणीच नाही. मग त्यांना ठसका लागला. त्याच क्षणी काकूंना कळलं की फोनमध्ये कोण खोकत होतं.

"कॅनडाहून तुमच्या भाचीला, अंतराला बघता यावं म्हणून फोन लावून ठेवला होता, काकू," गुरुजी ओशाळून म्हणाले. "आमच्या फेसबुकच्या पानावरून. पान सगळ्यांना खुलं असतं. आणि तो व्हिडिओ... खूप चाललाय तो. कावळा शिवताना बघायला लोकांना आवडतं."

त्यांनी तो लावला. वारा, पायऱ्या, कावळ्याची दोनदा काव काव, गुरुजींचा खोकला. गोत्र, वडील, आजोबा, पणजोबा, सगळं खणखणीत. दर महिन्याची तिथीसुद्धा गुरुजींनी कुणालला तिथेच सांगितली होती. खाली त्याच अंतराने हौसेने लिहिलं होतं, वातींसाठी संपर्क, आणि नंबर. चोराला जे जे हवं होतं ते सगळं आपल्याच लोकांनी मंत्रांसकट ताटात वाढून ठेवलं होतं. बिचाऱ्याला कावळा आणि खोकलासुद्धा विकत आणावा लागला नाही.

"काढून टाकते हं मी हे," गुरुजींच्या हातून फोन घेत काकू म्हणाल्या. पण काढण्याआधी त्यांनी शेवटचा भाग पुन्हा पाहिला. त्यात पांढऱ्या साडीतली एक म्हातारी डोळे मिटून उभी होती, ओठ बंद. मग कावळा पायरीवरून उतरला.

"काकू," गुरुजींनी हळूच विचारलं, "तेव्हा डोळे मिटून काय म्हणालात? नावावर तर शिवला नव्हता तो."

काकूंनी व्हिडिओ काढून टाकला, फोन बंद करून गुरुजींच्या हातात दिला आणि उठल्या.

गल्लीत दुपार झाली होती. दारं लागलेली, लूचा सूं सूं आवाज, बाकी चिटपाखरू नाही. घराच्या खाली आल्यावर काकूंनी सवयीने लतिकेला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कावळ्याला दिलेलं वचन त्या मोडत होत्या, फाल्गुनापासून, रोज. दत्तूची काळजी करता करता ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जिन्यात काळोख होता. थंडगार, ओलसर. काकूंनी भिंतीला हात लावला आणि पहिली पायरी चढल्या, मग दुसरी. कमरेला खोचलेला फोन थरथरायला लागला. अनोळखी नंबर असणार, त्यांनी बघितला नाही. वळणावर पाय अडखळला आणि तोंडून निघालंच, "आहात ना?"

कुणी ओ दिली नाही. काकू क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या, आणि मग पुढची पायरी चढल्या.